कागदाला आधी आटू द्या

घरी गम प्रिंट करून पाहायचं ठरवलं आहे? कागद आणला, रंगांच्या ट्यूब आल्या, डिंक भिजत घातला, निगेटिव्हही तयार आहे? मग माझं एक ऐका. आज प्रिंट करू नका. आज नुसता कागद गरम पाण्यात भिजवा आणि वाळत घाला. उद्या पुन्हा भिजवा, पुन्हा वाळवा. प्रिंटचं परवा बघू.

हा सल्ला कुणालाच आवडत नाही. मलाही आवडला नव्हता. नवं काही शिकणाऱ्याचे हात शिवशिवत असतात. त्याला कोऱ्या कागदाला आंघोळ घालायला सांगायचं म्हणजे भुकेल्या माणसाला तांदूळ निवडायला बसवण्यासारखं आहे. पण न निवडलेल्या तांदळातला खडा दाताखाली येतोच. गमच्या बाबतीत तो पहिल्या घासाला येत नाही, तिसऱ्या-चौथ्या घासाला येतो. तोवर अर्धं ताट संपलेलं असतं.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डिंकाचं पाणी, त्यात जलरंग आणि थोडं डायक्रोमेटचं द्रावण. हे मिश्रण ब्रशने कागदावर लावायचं, मंद उजेडात वाळवायचं आणि त्यावर चित्राच्याच मापाची निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं. ऊन जिथे पोचतं तिथला डिंक घट्ट होतो आणि रंगाला धरून ठेवतो. जिथे पोचत नाही तिथला डिंक साध्या पाण्यात विरघळून जातो. कागद अर्धा तास पाण्यावर पालथा तरंगत ठेवला की चित्र आपोआप उमलतं. डार्करूम नको, महागडं यंत्र नको. लाडवांत घालतो त्या डिंकाचाच भाऊबंद, एक ब्रश आणि ऊन.

अडचण अशी की एका थरात चित्र पुरं होत नाही. गडद भाग धरला तर फिका जातो, फिका धरला तर गडद भागात जीव राहत नाही. म्हणून त्याच कागदावर दुसरा थर, तिसरा थर. रंगीत चित्र हवं असेल तर पिवळा, किरमिजी आणि निळा अशा तीन रंगांच्या तीन निगेटिव्ह. प्रत्येक थराला कागद अर्धा-पाऊण तास पाण्यात राहतो, वाळतो आणि पुन्हा कामाला लागतो. तीन थरांच्या चित्राला तीन आंघोळी ठरलेल्याच. हौशी माणूस पाच-सहावर सहज जातो.

माझी अबोली

पहिलं तीन रंगांचं गम प्रिंट मी अबोलीच्या वेणीचं केलं. पितळी ताटलीत ठेवलेली वेणी, शेजारी दोन पानं. निळा थर सुरेख उतरला. दुसऱ्या दिवशी किरमिजी लावला. डावा कोपरा नीट जुळवून निगेटिव्ह ठेवली आणि पाहते तो उजव्या बाजूला प्रत्येक पाकळी दुहेरी. मिलिमीटरभर, कडेला त्याहूनही थोडं जास्त. वाटलं, निगेटिव्ह चुकली. दुसरी छापून आणली. तीही तशीच बसेना. वाटलं, प्रिंटरने फिल्म ओढली. असे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी वैतागून पट्टी घेतली आणि निगेटिव्ह मोजली. ती बरोबर होती. मग कागदावरचं निळं चित्र मोजलं. ते आखूड झालं होतं.

कागद आटला होता. आणि कागदाबरोबर त्याच्यावर बसलेलं चित्रही आटलं होतं.

त्या क्षणी आई आठवली. नवं मांजरपाट किंवा खणाचं कापड आणलं की ती शिंप्याकडे द्यायच्या आधी रात्रभर पाण्यात टाकायची. "पाण्यातून काढल्याशिवाय कापायचं नाही," एवढंच म्हणायची. कारण कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि शिवलेलं पोलकं मग अंगात जात नाही. चांगल्या प्रतीचा जलरंगाचा कागद म्हणजे तरी काय? कापूसच. कापडात त्याचा धागा विणलेला असतो, कागदात लगदा पसरलेला असतो. स्वभाव तोच.

कागद का आटतो

कापसाचा तंतू पाणी पितो तेव्हा तो लांबीला फारसा वाढत नाही, जाडीला फुगतो. वाळला की पुन्हा बारीक होतो. कागदात असे असंख्य तंतू एकमेकांना चिकटून बसलेले असतात, त्यामुळे एकाच्या फुगण्यानं शेजारचा ढकलला जातो.

यंत्रावरच्या कागदात आणखी एक गोष्ट घडलेली असते. ओला लगदा जाळीवर पुढे सरकताना बहुतेक तंतू चालीच्या दिशेने पडतात. यालाच छपाईवाले 'ग्रेन' म्हणतात. ग्रेनच्या दिशेने कागद कमी हलतो, ग्रेनच्या आडवा जास्त. शिवाय तो कागद ओढला जात असतानाच वाळवलेला असतो. म्हणजे अंग ताणून धरलेलं असताना त्याला जणू झोप लागलेली असते. पहिल्यांदा भरपूर पाणी मिळालं की तो ताण सुटतो आणि वाळताना कागद आपल्या मूळ, जरा आखूड मापावर येऊन बसतो. हे आटणं कायमचं. पुन्हा तो त्या लांबीला जात नाही.

आता हिशेब करा. समजा, कागद अर्धा टक्का आटला. ऐकायला काहीच नाही. पण ३० सेंटीमीटरच्या चित्रात ते १.५ मिलिमीटर होतात. बारीक फांदी, केस, पापणी, देवळाच्या शिखरावरची नक्षी यांना १.५ मिलिमीटर म्हणजे शेजारच्या घरात जाण्याइतकं अंतर आहे. आणि लांबी-रुंदी सारखी आटत नाही, म्हणून निगेटिव्ह थोडी लहान छापून भागेल असंही नाही.

हे दुखणं जुनं आहे

आपल्यालाच हा त्रास होतो असं समजून हिरमुसू नका. डायक्रोमेट लावलेला कागद उजेडाने बदलतो हे स्कॉटलंडच्या मंगो पाँटनने १८३९ मध्ये सांगितलं. फ्रान्सच्या आल्फोन्स प्वातव्हँने १८५५ मध्ये त्यावर डिंक-जिलेटिनची पद्धत उभी केली, आणि १८५८ मध्ये इंग्लंडच्या जॉन पाउन्सीने गम प्रिंट लोकांपुढे ठेवले. मग हा प्रकार मागे पडला. १८९० च्या दशकात पॅरिसच्या रोबेर दमाशीने तो पुन्हा हाती घेतला आणि व्हिएन्नाच्या मंडळींत हाइन्रिख क्यून, हुगो हेनेबर्ग आणि हान्स वात्सेक या तिघांनी एकावर एक थर चढवायला सुरुवात केली. थर चढले, तसा कागद हलण्याचा प्रश्नही गमच्या पाठीला लागला.

आणि हा प्रश्न एकट्या गमचा नाही. १८९४ मध्ये मुंबईत राजा रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला, तोच पुढे मळवलीला गेला. तिथे ओलिओग्राफ छापताना प्रत्येक रंगाला वेगळा दगड असे आणि एकच कागद एकामागून एक त्या दगडांवर जाई. लक्ष्मीच्या ओठांचा लाल ओठांवरच बसायला हवा, गालावर नाही. आजही कुठल्याही ऑफसेटवाल्याला विचारा. 'रजिस्टर हललं', 'कलर बाहेर गेला' ही वाक्यं पावसाळ्यात त्याच्या तोंडी जास्त ऐकू येतील.

अमेरिकेच्या अर्व्हिंग पेनने १९६० च्या दशकात दुसरीच वाट काढली. प्लॅटिनमच्या प्रिंटवर त्याला पुन्हा पुन्हा थर द्यायचे होते. त्याने कागद ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवूनच टाकला आणि निगेटिव्ह पिनांवर जुळवली. पत्रा आटत नाही, म्हणून त्याला चिकटलेल्या कागदालाही आटता येत नाही. उपाय अचूक आहे, पण पत्रा, चिकटवणं आणि ते वजन सांभाळणं आपल्या स्वयंपाकघरातल्या स्टुडिओला झेपणारं नाही. आपल्याला गरम पाणी झेपतं.

कुणाला याची गरज नाही

उगाच कुणाला कामाला लावायचं नाही, म्हणून हेही स्पष्ट सांगते. एकाच थराचं प्रिंट करणार असाल, म्हणजे साधं सायनोटाइप, सॉल्ट प्रिंट, व्हॅन डाइक, तर कागद आटवायची गरज नाही. चित्र एकदाच उमटतं. नंतर ते कागदाबरोबर एखादा मिलिमीटर आखडलं तरी कुणाला कळणार? तळहाताएवढं, मऊ, धुक्यातलं चित्र असेल तर दोन थरांतही फरक दिसत नाही.

गरज आहे ती थरावर थर देणाऱ्यांना. तीन रंगांचा गम, एकाच रंगाचे चार-पाच थर, सायनोटाइपवर गम, प्लॅटिनमवर गम. सायनोटाइपवर गम करणारे इथे हमखास फसतात. निळं प्रिंट आधीच सुंदर आलेलं असतं, मग कुणीतरी सुचवतं की यावर किरमिजी आणि पिवळा चढवा. तेव्हा कागद पहिल्यांदा भिजून वाळलेला असतो आणि त्याचं माप बदललेलं असतं. पुढे थर चढवण्याची शक्यता जरी मनात असेल, तरी निळ्याच्या आधी कागद पाण्यातून काढा.

कसं करायचं

कागद शंभर टक्के कापसाचा, ३०० जीएसएमच्या आसपासचा, गुळगुळीत अंगाचा घ्या. पातळ कागद ओला झाला की हातात फाटतो. एकाच वेळी दहा ताव तरी करा. एक ताव भिजवायला जितकी तयारी लागते तितकीच दहांना लागते. सगळे ताव एकाच दिशेने कापा, आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने ग्रेनचा बाण व 'पुढची बाजू' अशी खूण करा. पाण्यातून निघाल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. पेनने लिहू नका, शाई पसरते.

ग्रेन कळत नसेल तर कागदाचा चौकोनी तुकडा घेऊन आधी एका दिशेने, मग दुसऱ्या दिशेने अलगद वाकवा. ज्या बाजूने तो सहज गोल होतो, त्या नळीच्या लांबीची दिशा म्हणजे ग्रेन. हातकागदाला ग्रेन जवळजवळ नसतो, कारण लगदा साच्यात हलवून चारी बाजूंनी पसरवलेला असतो. पुण्याच्या हातकागद संस्थेत १९४० पासून असा कागद बनतो. तो आटतो, पण बराचसा सारखा आटतो. मात्र त्यातले काही कागद पाण्यात फार मऊ पडतात. आधी एक तुकडा तासभर भिजवून बघा, टिकला तरच पुढचे ताव घ्या.

तावापेक्षा मोठा ट्रे घ्या. फोटोचा मोठा ट्रे नसेल तर प्लास्टिकचा पसरट टब चालेल, पण तो पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. गिझरचं पाणी ५० ते ६० अंशांचं असतं, तेवढं पुरे. हात क्षणभरच टिकेल असं गरम. उकळतं नको. ताव एकेक करून सोडा, प्रत्येकाच्या खालचे बुडबुडे हाताने काढा, नाहीतर तिथे कोरडा ठिपका राहतो. पत्ते पिसतो तसा अधूनमधून खालचा ताव वर घ्या. अर्ध्या तासापासून तासभर ठेवा. पाणी निवलं तर बदला. पाणी किंचित पिवळं किंवा चिकट वाटलं तर घाबरू नका, कागदाची वरची खळ सुटत असते. तिच्याबद्दल पुढे बोलू.

ओला ताव उचलताना दोन्ही हात वापरा. पाणी प्यायलेला कापसाचा कागद जड असतो आणि एका कोपऱ्यातून उचलला तर स्वतःच्या वजनाने ताणला जातो. कोपऱ्यातून पाणी निथळू द्या आणि सावलीत जाळीवर आडवा पसरा. बाजेवर मच्छरदाणीची जुनी जाळी अंथरली तरी चालते. दोरीवर टाकायचाच असेल तर वरच्या कडेला दोन चिमटे पुरेत. खालून काही अडकवू नका.

इथे जलरंग करणाऱ्यांना खास सांगते. ओला कागद पाटावर गम टेपने चारी बाजूंनी ताणून बसवायची तुमची सवय आपल्या कामाच्या बरोबर उलट आहे. ताणलेला कागद वाळला की सपाट दिसतो, पण तो ताण त्याच्या अंगात राहतो. टेप काढून पुन्हा भिजवला की तो परत आटतो. चित्रकाराला सपाट कागद हवा असतो. आपल्याला मोकळा होऊन बसलेला कागद हवा आहे. तो वाकडातिकडा वाळला तर वाळू द्या. पूर्ण वाळल्यावर दोन फळ्यांमध्ये रात्रभर वजनाखाली ठेवा, सरळ होईल.

मग हे सगळं पुन्हा एकदा करा. पहिल्या वेळी बराचसा ताण निघतो, सगळा नाही.

किती वेळा? कागदालाच विचारा

कुणी एकदा सांगतं, कुणी दोनदा, कुणी तीनदा. माझं ऐकू नका, त्यांचंही ऐकू नका. तुमच्या कागदाला विचारा.

त्याच कागदाचा २५ सेंटीमीटरचा चौकोनी तुकडा घ्या. धारदार पेन्सिलीने बरोबर २०० मिलिमीटरच्या दोन रेषा मारा, एक ग्रेनच्या दिशेने, एक आडवी. टोकांना बारीक आडव्या खुणा करा. आता पहिली आंघोळ, वाळवणं, मोजणी. दुसरी आंघोळ, वाळवणं, मोजणी. तिसरी. लोखंडी पट्टी आणि भिंग वापरा. लागोपाठच्या दोन मोजण्यांत फरक उरला नाही की तुमच्या कागदाला तेवढ्या आंघोळी पुरेत. दोन्ही आकडे त्या तुकड्याच्या मागे तारखेसकट लिहून ठेवा.

मोजणी नेहमी साधारण एकाच वेळी, एकाच खोलीत करा. याचं कारण पुढे येतं, आणि तीच या सगळ्यातली खरी मेख आहे.

आटणं एकदाचं, सादळणं रोजचं

आटवून झालं म्हणजे कागद आता जन्मभर हलणार नाही, असं समजू नका. आपल्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. कापड आटतं. पापड सादळतो. आटलेलं कापड परत वाढत नाही, पण सादळलेला पापड उन्हात ठेवला की पुन्हा कुरकुरीत होतो.

कागद दोन्ही करतो. गरम पाण्यात आटतो, एकदाच. आणि हवेतल्या ओलीने सादळतो, रोज. सादळला की किंचित पसरतो, सुकला की किंचित आखडतो. पहिला दोष आपण कागद पाण्यातून काढून घालवतो. दुसरा घालवता येत नाही, सांभाळावा लागतो.

मी बरेच दिवस या दोन गोष्टींची गल्लत केली. कागद नीट आटवलेला असूनही एके दिवशी थर हलले. पाहिलं तर पहिला थर मी पंख्याखाली रात्रभर वाळवला होता, आणि दुसऱ्या वेळी घाई म्हणून हेअर ड्रायर फिरवला होता. कागद पहिल्या वेळी खोलीच्या हवेइतका ओलसर होता, दुसऱ्या वेळी भाजलेल्या पापडासारखा कोरडा.

म्हणून नियम साधा ठेवा. प्रत्येक थराच्या आधी कागद तितकाच वेळ, त्याच खोलीत, त्याच पंख्याखाली वाळवा. निगेटिव्ह जुळवताना कागदाची अवस्था पहिल्या दिवशीसारखी असली पाहिजे. एका चित्राचे सगळे थर एकाच ऋतूत, जमलं तर एकाच आठवड्यात संपवा. वैशाखात नागपूरला सुरू केलेलं चित्र आषाढात रत्नागिरीला पुरं करायला गेलात तर कागदाला दोष देऊ नका.

पावसाळ्यात तीन रंगांचा गम शक्यतो करूच नका. मीठ पाझरतं त्या हवेत डायक्रोमेट लावलेला कागद अंधारातसुद्धा हळूहळू घट्ट होत जातो, आणि मग चित्राच्या पांढऱ्या भागावर रंगाचा पडदा राहतो. कोरड्या दिवसांतही लावलेला कागद त्याच दिवशी वापरा. पावसाळ्याचा उपयोग दुसरा आहे. आठवडाभर दहा-वीस ताव आटवून, नीट वाळवून पिशवीत बंद करून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत काम करताना दुवा द्याल.

खळ नंतर

जुन्नर आणि दौलताबादचा हातकागद एके काळी नावाजलेला. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा अजून नावाने तरी उरला आहे. तिथले कारागीर ताव वाळला की त्याला खळ देत आणि दगडाने घोटत, म्हणजे बोरूची शाई फुटत नसे. गमला हीच गरज असते. खळ नसली तर रंग तंतूंत शिरून बसतो आणि पांढरं पांढरं राहत नाही. गरम पाण्यात कागदाची मूळ खळ थोडी धुऊन जाते, म्हणून नवी द्यायची. आणि म्हणूनच क्रम पक्का: आधी आटवणं, मग खळ, मग पहिला थर. उलटं केलंत तर दिलेली खळ गरम पाण्यात सोडून द्याल.

सोपी खळ जिलेटिनची. एक लिटर थंड पाण्यात ३० ग्रॅम जिलेटिन वीस मिनिटं फुगू द्या, मग ५० अंशांच्या आसपास गरम करून विरघळवा. उकळू नका, त्याची पकड जाते. ताव त्यातून फिरवून निथळवा, वाळवा. ही खळ पाण्यात टिकावी म्हणून ती कडक करावी लागते. जुनी पुस्तकं त्यासाठी फॉर्मेलिन सांगतात. घरात ते आणू नका. ग्लायॉक्झल वापरतात, पण तेही हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून, आणि खळ कडक झाल्यावर ताव साध्या पाण्यातून काढून, नाहीतर कागद पुढे पिवळा पडतो. जिलेटिन हाडा-कातड्यांतून येतं, ते घरात चालत नसेल तर आरारुटाची खळ किंवा पातळ केलेला ॲक्रिलिक जेसो करून बघा. खळीचाही एक तुकडा वर सांगितला तसा मोजा, कारण खळ म्हणजे आणखी एक भिजणं-वाळणं आहे.

जुळवताना

कागद कितीही शहाणा केला तरी निगेटिव्ह वेड्यासारखी ठेवून चालत नाही. तिन्ही निगेटिव्ह एकाच बैठकीत, फिल्म एकाच दिशेने घालून छापा, कारण प्रिंटर फिल्म ओढताना लांबीत थोडा फरक करतो. तिघींत तो सारखा असला की झालं. चारी कोपऱ्यांत बारीक फुल्या ठेवा. निळा किंवा गडद थर आधी घ्या, त्याच्या कडा स्पष्ट दिसतात. पिवळा थोडा हलला तरी डोळा माफ करतो. आणि जुळवणी कोपऱ्यातून करू नका. चित्राच्या मधोमध जिथे नजर जाते तिथे जुळवा, म्हणजे उरलासुरला फरक चारी बाजूंना वाटला जातो. अबोलीच्या वेळी मी डावा कोपरा धरला होता, म्हणून सगळी चूक उजवीकडे साठली.

एक गोष्ट धोक्याची

पाणी आणि कागद यांत भीती नाही, मुलांनाही बरोबर घ्या. डायक्रोमेटची गोष्ट वेगळी. ते नारिंगी स्फटिक दिसायला सुंदर आहेत, पण विषारी आहेत. त्यातलं क्रोमियम कर्करोग करू शकतं आणि कातडीवर जखमा करतं. भुकटी मोजताना मास्क घाला, पूर्ण कामभर हातमोजे ठेवा, मुलांना दूर ठेवा. उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. बाटलीवर नाव लिहून ठेवा आणि रसायनाची प्रयोगशाळा असलेल्या कॉलेजात त्याची विल्हेवाट लावता येईल का ते विचारा. हे पाळणं जमणार नसेल तर गम करू नका, एका थराचं सायनोटाइप करा. त्याला कागद आटवायचीही गरज नाही, म्हणजे दोन कामं वाचतील.

तुमचा तुकडा जपून ठेवा

शेवटी एक मागणं. बाहेरच्या पुस्तकांत कागदांचे आटण्याचे आकडे मिळतात. ते त्यांच्या कोरड्या खोल्यांचे, त्यांच्या नळाच्या पाण्याचे आकडे आहेत. आपल्याकडे एकाच घरात एप्रिल आणि जुलै म्हणजे दोन वेगळे देश. आपले आकडे आपल्यालाच जमवावे लागतील, आणि ते एकट्यादुकट्याने जमत नाहीत.

म्हणून मोजलेला प्रत्येक तुकडा वहीत चिकटवा. कागदाचं नाव, जीएसएम, ग्रेनची दिशा, पाणी किती गरम, किती वेळ, गाव, महिना, आणि प्रत्येक आंघोळीनंतरचे मिलिमीटर. कोल्हापूरच्या कुणीतरी जूनमध्ये मोजलेला आकडा अमरावतीच्या कुणाच्या तरी मे महिन्यातल्या आकड्याशेजारी बसला की तिसऱ्या माणसाचे दोन रविवार वाचतील. चित्रकलेच्या शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग जरूर करावा. त्याला रसायन लागत नाही, पट्टी, पेन्सिल आणि बादलीभर गरम पाणी लागतं, आणि मुलांना कळतं की कागदही पाणी पितो.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर अबोलीचं ते फसलेलं प्रिंट आहे. त्याच्या खाली त्याच कागदाचा तुकडा: २००, १९९, १९८.५, १९८.५. चौथ्या आकड्याशी तो थांबला. त्यानंतरच्या पानावरची अबोली एकेरी पाकळ्यांची आहे.